पाणीसोड्याचा पोरगा

पंढरीशेठना संशय घ्यायला कारण लागत नसे. दूधवाला बेल न वाजवता गेला, म्हणजे आज दुधात पाणी जास्त. भाडेकरू आपणहून हसून बोलला, म्हणजे हा खोली सोडून पळणार. "यांना देवानं परसाद दिला तरी आदी हुंगून बगतील," असं त्यांची बायको पुतळाबाई चारचौघांत म्हणे, आणि हिला हे आजच का सुचलं, याचाही शेठ विचार करत बसत.

न्हावा शेव्याच्या बंदरासाठी गावाची शेतं गेली त्याला एक पिढी उलटली. भात पिकायचं तिथे आता कंटेनर एकावर एक चढलेत. शेठनी गावठाणात चाळ बांधली, खोल्या भाड्याने दिल्या आणि पंढरीचे पंढरीशेठ झाले. तोंडावर मान होता. पाठीमागे मात्र जुनी माणसं त्यांना अजून 'पाणीसोड्या' म्हणत. शेठ चहाच्या टपरीवर आले की बोलणं थांबायचं आणि कुणीतरी उगाच खोकायचं. अर्धं आयुष्य असल्या खोकल्यात काढलेला माणूस संशयी होणार नाही तर काय होणार?

रूपेश त्यांचा एकुलता एक. कस्टम एजंटकडे नोकरी करायची, पण जीव सगळा त्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये. तो कॉलेजात असताना एका मास्तरांनी सोललेल्या नारळासारखा लांबट चेंडू आणला होता. तो लाथेने मारायचा, हातात धरूनही पळायचं, मात्र साथीदाराला द्यायचा तर फेकायचा नाही, मुठीने ठोसायचा. कबड्डी खेळून वाढलेल्या गावच्या पोरांना हे धसमुसळं काम भलतंच आवडलं आणि 'गावदेवी' संघ उभा राहिला. रूपेश पहिल्या दिवशी मागे, आपल्या गोलच्या खांबांपुढे उभा राहिला तो कायमचा तिथेच. या खेळात पुढच्याचा फोटो येतो आणि मागच्याला प्लास्टर बसतं. त्याची दोन बोटं वाकडी झाली, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. एकदा भारताच्या संघातून मेलबर्नला गेला आणि नाक फोडून घेऊन आला. आल्यावर पोरांनी त्याला कप्तान केलं, ते आजतागायत. 'रूपेशदादा मागे आहे' एवढ्यावर बाकीचे बिनघोर पुढे पळत.

शेठनी त्याचा एकही सामना पाहिला नव्हता. सामना बघायचा म्हणजे गावाच्या घोळक्यात उभं राहायचं, आणि घोळका म्हटला की खोकला आलाच. पण यंदा रूपेश स्वतः येऊन म्हणाला, "आबा, गुडघा संपला. फायनल खेळून थांबतोय. एकदा तरी या."

फायनल खारघरच्या संघाशी होती. त्यांचा पुढे खेळणारा हुकमी गडी म्हणजे निशांत, आणि या निशांतची बहीण स्नेहल हिच्याशी रूपेशचं जमलेलं. दिवाळीनंतर सुपारी फोडायची असं दोन्ही घरांत ठरलं होतं. मुलगी चांगली होती, घर चांगलं होतं, शेठनीच होकार दिला होता. पण फायनल याच घराशी पडावी? शेठच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

सामन्याच्या दिवशी ते पुतळाबाईंना घेऊन मैदानावर पोचले, तेव्हा रूपेश आणि निशांत टेम्पोच्या आडोशाला बोलत उभे होते. "दादा, शेवटी मी आहे ना, टेन्शन नको घेऊ," असं निशांत म्हणाला. शेठ दिसताच दोघेही गप्प झाले. रूपेश तर चक्क लाजला. नाकाचं हाड मोडलं तेव्हा न कण्हलेला पोरगा लाजतो, याचा अर्थ काय घ्यायचा?

कडेला शेठच्या शेजारी नेमका देवजी येऊन बसला. देवजी म्हणजे शेठच्याच वयाचा, जुन्या शेताचा शेजारी. पूर्वी बांधाला बांध, आता खुर्चीला खुर्ची.

"पंढरी, व्याह्याचा पोऱ्या लय पलतो रं," देवजी म्हणाला. "तुझा धरील का त्याला? का सोडील?"

"सोडील कनाला?"

"मी आपला इचारतो." आणि देवजी खोकला.

माईकवाला अधूनमधून नियम समजावत होता. दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधले दोन उंच, कडेचे दोन ठेंगणे. उंच खांबांमधून लाथेने सरळ मारला तर सहा पॉईंट. बाजूने गेला किंवा बचाव करणाऱ्याने कसाबसा मागे ढकलला, तर समोरच्याला एकच. पुतळाबाई मन लावून ऐकत होत्या. शेठचं लक्ष त्यात नव्हतं. ते फक्त दोघांकडे बघत होते, आणि बघणाऱ्याला हवं ते दिसतंच. निशांतने चेंडू झेलला, की रूपेश मुद्दाम उशिरा उडाला. रूपेशने चेंडू हाणून काढला, की हे नुसतं दाखवायला.

अखेरच्या मिनिटांत दोन्ही संघांचे पॉईंट बरोबरीत आले. सगळं गाव उभं राहिलं. चेंडू गावदेवीच्या खांबांपुढे पडला आणि रूपेशने तो उचलला. तेवढ्यात निशांतने मागून त्याच्या कमरेला मिठी घातली. दोघे फरफटत खांबापाशी गेले, आणि रूपेशने हातातला चेंडू मुठीने ठोसून आपल्याच खांबांच्या मागे घालवला.

पांढऱ्या कोटातल्या पंचाने एक झेंडा हलवला. खारघरला एक पॉईंट.

"आरं, हातान व्हता ना!" देवजी ओरडला. "हातातला दिला!"

गावदेवीची पोरं पुढे धावली, पण वेळ संपली. सामना एका पॉईंटने गेला. त्याच एका.

शेठच्या कानांत सूं झालं. आणि मान वर करून मैदानावर बघतात तर काय, खारघरची पोरं दोन रांगा करून टाळ्या वाजवतायत, आणि त्या रांगांमधून दोघं जण रूपेशला खांद्यावर घेऊन येतायत! एका बाजूला गावदेवीचा सनी, दुसऱ्या बाजूला निशांत. हरलेला कप्तान, आणि जिंकलेला त्याला खांद्यावर मिरवतोय! असं कुठे असतं का? कुस्तीत असतं? कबड्डीत असतं? काम केल्याशिवाय कोण कुणाला डोक्यावर घेतं?

पुतळाबाईंनी सदरा धरला तो हिसडून शेठ मैदानात शिरले.

"उतरवा त्याला!" त्यांचा आवाज फाटला. "खाली उतरवा! सासुरवारीला गेम दिलास, आता वरात काढतंस?"

टाळ्या थांबल्या. निशांत काहीतरी बोलू लागला, पण रूपेशनेच सनीच्या डोक्यावर थोपटलं आणि तो खाली उतरला. उजवा हात त्याने जर्सीत गुंडाळून छातीशी धरला होता. बापाकडे त्याने एकदा पाहिलं आणि लंगडत, एकटाच मैदानाबाहेर गेला. मागे देवजी खोकला, आणि या वेळी त्याच्या जोडीला बरेच जण खोकले.

संध्याकाळी निशांत घरी आला. शेठ झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी बस म्हटलं नाही.

"काका, आमच्या खेळात रीत आहे," तो उभ्यानेच म्हणाला. "मोठा प्लेअर शेवटची मॅच खेळला की त्याला खांद्यावरून बाहेर नेतात. समोरची टीम टाळ्या वाजवते, मग हारजीत काय पण असो. तुमच्याच टीमचा अभिराम नेणार होता सनीबरोबर, पण त्याचा खांदा गेल्या मॅचला निखळला. म्हणून मी बोललो, शेवटी मी आहे. तेच बोलत होतो टेम्पोमागे. दादाला लाज वाटत होती तुमच्यासमोर खांद्यावर बसायची."

"आनी पॉईंट?"

"मी धरलंच होतं ना त्याला. चेंडू सुटला असता तर मी समोरून मारला असता. सहा गेले असते, काका. दादानी एक दिला. मी त्याच्या जागी असतो तर मी पण तेच केलं असतं."

"तू तेच बोलनार," शेठ म्हणाले. "चोर चोर मावसभाऊ."

निशांतचा चेहरा उतरला. तो पुतळाबाईंच्या पाया पडला आणि गेला. थोड्या वेळाने रूपेश दवाखान्यातून आला. उजव्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर होतं. तो सरळ आतल्या खोलीत गेला.

"हाताला काय झालं?" शेठनी दबक्या आवाजात बायकोला विचारलं.

"चेंडू ठोसला तवा मूठ खांबावर बसली. हाड मोडलं." पुतळाबाई भाकरी थापत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही. "मिठीत धरलेला माणूस, खांब दिसत असून मूठ मारतो. दान देनारा आपलं हाड मोडून देतो काय ओ?"

शेठनी आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

"त्या उधानाचं पानी इसरलात?" तव्यावर भाकरी टाकून त्या वळल्या, आणि त्यांचा आवाज एकदम चढला. "भर पावसात समुद्राकडचा खारीचा बांध फुटाया आलेला. तुमीच पानी झेलाया उघाडीची, बांधातल्या पान्याच्या दाराची, फली उचललीत. थोरं पानी आत सोडलंत, जोर कमी झाला, बांध राहिला. बांध गेला असता तर सगल्या गावाची खार समुद्रान गेली असती. पन गाव काय बोललं? खालची शेतं बुरवली आनी सासऱ्याचं वरचं शेत वाचवलं. त्या खालच्या शेतांन आपलं पन शेत व्हतं, ते कोनी मोजलं? देवजीचं शेत गेलं, त्यानंच तुमचं नाव पारलं. आनी आज सगल्या गावान तुमाला खरं बोलनारा कोन गावला, तर देवजी!"

भाकरी करपल्याचा वास आला तशा पुतळाबाई तव्याकडे वळल्या. शेठना तो पावसाळा आठवला. आपल्याच रोपांवर खारं पाणी चढताना बघत बांधावर उभे असलेले ते, वय रूपेशएवढंच. कुणीतरी एकाने येऊन 'पंढरी, बरोबर केलंस' म्हणावं, म्हणून ते त्या वर्षी दिवाळीपर्यंत वाट बघत होते. कुणी आलं नाही. सासरेही आले नाहीत, लोक काय म्हणतील म्हणून.

सकाळी शेठ मुद्दाम टपरीवर गेले. आपण चुकलो, पोरगा खरा होता, हे चारचौघांत सांगायचं असं ठरवूनच गेले. टपरीवर पंधरा-वीस माणसं होती आणि आज त्यांना बघून कुणी गप्प झालं नाही, कुणी खोकलंही नाही.

"पंढरीशेठ, बसा," देवजीने बाक पुसून जागा दिली. "काल पटलं आपल्याला. पोटच्या पोराला सोडला नाय. आजपासून तुमाला जुन्या नावानं कोन हाक मारनार नाय, काय?"

"देवजी, आयक. रूपेशनं बरोबर केलं. सहा वाचवले त्यानं."

"व्हय, व्हय. बाप म्हनून आज तसं बोलावंच लागतं." देवजी हसला. "पन काल तुमीच बोललात ना, मैदानाच्या मदी? आमी काय आमच्या मनाचं थोरंच बोलतो? पानीसोड्याचा पोरगा पॉईंटसोड्या, ह्ये पोरांनी काल रातच्यालाच ठेवलंय नाव."

सगळे हसले. शेठ पुन्हा पुन्हा सांगत राहिले, झेंड्याचं सांगितलं, हाडाचं सांगितलं, खांद्यावरच्या रितीचं सांगितलं. लोक मान डोलवत होते. ती मान शेठना चांगली ओळखीची होती. चहा तसाच ठेवून ते उठले.

घरी रूपेश ओटीवर बसून डाव्या हाताने भाकरी मोडायचा प्रयत्न करत होता. ती मोडत नव्हती, ताटासकट सरकत होती. शेठ त्याच्यासमोर मांडी घालून बसले. ताट ओढून घेतलं, भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि घास त्याच्या तोंडापुढे धरला.

"चुकलो रं बाला," ते म्हणाले. "टपरीवर सांगून आलो सगल्यांना."

रूपेशने घासाकडे बघितलं, मग बापाकडे. रागाचं काही त्याच्या तोंडावर उरलं नव्हतं, नुसता थकवा होता.

"ऐकलं त्यांनी?"

शेठनी घास पुन्हा कालवणात बुडवला.

"आबा," रूपेशने विचारलं, "तुमचं लोकांनी कधी विसरलं?"

बाहेर बंदराकडे जाणारा ट्रेलर वळणावर भोंगा वाजवत गेला. शेठनी घास पुन्हा पुढे धरला.

"अजून नाय," ते म्हणाले. "खा."