मास्तरांचं लिनक्स

"जावईबापू, काँप्युटर परत रुसलाय हो!" सासऱ्यांचा असा फोन आला की थोरल्या जावयाच्या कपाळावर आठी यायची आणि पोटात गुदगुल्या व्हायच्या. मग रविवारी जायचं, खुर्चीत ऐसपैस बसायचं, व्हायरस काढायचा, नाहीतर विंडोजच नव्यानं टाकायचं. मागे सगळं घर उभं. कुणी चहा आणतंय, कुणी पंखा वळवतंय. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत बिलं काढणाऱ्या जावईबापूंना उभ्या जगात त्या एकाच खुर्चीत मान होता.

मग धाकट्या मेहुणीचं लग्न झालं. नवरा शाळेत विज्ञान शिकवायचा, म्हणून सगळ्यांचे ते मास्तर. मास्तरांनी एका दुपारी सासऱ्यांच्या त्या म्हाताऱ्या काँप्युटरवरचं विंडोज काढून त्याजागी लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम टाकली. काँप्युटर बिघडायचा बंद झाला आणि फोनही यायचा बंद झाला.

"फुकटची वस्तू. किती दिवस टिकते बघू," जावईबापू बायकोला म्हणाले.

"काहीतरी जळतंय," बायकोनं नाक वर करून हुंगलं. "गॅस तर बंद आहे."

जळत होतंच. मास्तरांचं नाव निघालं तरी जावईबापूंचा घास कडू व्हायचा. शेवटी त्यांनी ठरवलं, दोष काढायचा तर आधी वापरून बघायला हवं. बायको कामावर गेल्यावर त्यांनी जुन्या लॅपटॉपवर गुपचूप लिनक्स टाकलं.

पहिल्याच फटक्याला हात अडला. विचार करायचा असला की राइट क्लिक करून रिफ्रेश, राग आला की रिफ्रेश, काहीच सुचलं नाही की दोनदा रिफ्रेश, ही त्यांची आयुष्यभराची सवय. इथे तो शब्दच नव्हता. सी ड्राइव्हही नव्हता. जावईबापू खूश झाले. मग त्यांनी प्रिंटर जोडला आणि चालणार नाहीच या खात्रीनं प्रिंट दाबलं. त्याची ड्रायव्हरची सीडी कुठे असते हे अख्ख्या खानदानात फक्त त्यांना ठाऊक होतं. ती शोधून कपाटातून बाहेर काढेपर्यंत प्रिंटरनं खरखर करत कागद बाहेर टाकलासुद्धा. सीडी हातात धरून ते तसेच उभे राहिले.

मग त्यांनी कचेरीतलं एक जुनं मराठी पत्र उघडलं आणि मोठ्यानं हसले. मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, नुसती गिचमिड! पत्र जुन्या फॉन्टमधलं, आणि लिनक्सकडे तो फॉन्टच नव्हता. त्यांनी पत्रासोबत जपून ठेवलेल्या फॉन्टच्या फाईलवर डबल क्लिक केलं, इन्स्टॉलचं बटण दाबलं आणि पत्र पुन्हा उघडलं. अक्षरं जागेवर आली. त्यांचा विरस झाला. पण लगेच ते ताठ बसले. सासरे याच फॉन्टमध्ये लिहीत, त्यांना तो जावईबापूंनीच टाकून दिला होता. आणि मास्तर नव्या जमान्याचे, त्यांना हे कुठून माहीत असणार?

रविवारी फॉन्ट पेन ड्राइव्हमध्ये घालून ते बोलावणं नसताना सासुरवाडीला पोचले आणि खुर्चीत बसले.

"बाबा, तुमचं ते घड्याळांचं लिखाण उघडू का?"

सासरे जन्मभर घड्याळं दुरुस्त करत आले होते. म्हातारपणी त्या घड्याळांच्या आणि ती आणणाऱ्या माणसांच्या आठवणी ते एका बोटानं टाइप करत होते. फाईल उघडली. गिचमिड.

"मास्तरांनी ते नवीन टाकल्यापासून असंच दिसतंय," सासरे हळूच म्हणाले.

पेन ड्राइव्ह खिशात होता. पण जावईबापूंनी डॉक्टरसारखी मान हलवली. "लिनक्सनं खाल्लं, बाबा. विंडोज परत टाकायला हवं. तरच काही आशा."

सासूबाईंनी गालाला हात लावला. सासऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"राहू दे मग. गेलं तर गेलं. आणि मास्तरांना यातलं काही बोलू नका हं. हौसेनं केलंय त्यांनी. मन मोडेल."

जावईबापूंच्या अंगाची लाही लाही झाली. एकदा फॉरमॅट करताना त्यांच्या हातून चार फोटो गेले, तर याच सासऱ्यांनी महिनाभर कुरकुर केली होती. तेव्हा कुणाचं मन मोडलं नाही? ओठांवर आलेलं बोलणारच होते, तेवढ्यात त्यांना सासऱ्यांचा हात दिसला. ज्या बोटानं टाइप करायचे ते बोट टेबलाच्या कडेवर उगाच आपटत होतं.

ते बघवेना. "थांबा, एक करून बघतो," म्हणत त्यांनी पेन ड्राइव्ह लावला. डबल क्लिक, इन्स्टॉल. फाईल बंद करून पुन्हा उघडली.

सासऱ्यांनी चष्मा चढवला. "पहिलं घड्याळ मी उघडलं ते वडिलांचं," त्यांनी वाचलं, "आणि ते मला परत जोडता आलं नाही." ते वळले. "आलं की हो! खाल्लं म्हणालात ना?"

जावईबापूंनी पेन ड्राइव्ह काढून खिशात टाकला. फॉन्टचं सांगावं, तर, आणला होता मग आधी का नाही टाकला, असं विचारणार.

"आतच होतं," ते पुटपुटले.

"बघ, मी म्हणत नव्हतो?" सासरे सासूबाईंकडे वळले. "मास्तरांनी टाकलंय म्हणजे पक्कंच असणार. लाव गं त्यांना फोन."

सासूबाई लगबगीनं आत गेल्या. जावईबापूंच्या हातात माउस होता. राइट क्लिक, पुन्हा राइट क्लिक.

"जावईबापू," सासरे खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जरा उठता का? मला पुढचं लिहायचंय."