मला विहिरीची राखणदार करू नका

मित्रांनो, मी एक म्हातारी वाम आहे. सापासारखी लांब असले तरी मी मासाच आहे, हे आधीच सांगते. नाहीतर तुम्ही काठी शोधायला लागाल. सध्या माझा मुक्काम इस्लापूरजवळच्या एका विहिरीत आहे. विहीरवाल्या घरचे लोक मला हात जोडतात आणि मी आतल्या आत संतापते.

माझा जन्म बंगालच्या उपसागरातला. बोटभर होते तेव्हा गोदावरीतून प्रवाहाच्या उलट पोहत निघाले. वाटेत बंधारे आले, तर त्यांच्या ओल्या भिंती पोटावर सरपटत चढले आणि पैनगंगेच्या एका डोहात येऊन राहिले. दगडांच्या कपारी, खेकडे, गार पाणी, सुख होतं. मग कुणी सुरुंगाची दारू उडवून मासे मारू लागलं, कुणी वाळू उपसून नेली, खाली उंच उंच बंधारे झाले. आमची जात आता धोक्याच्या दारात उभी आहे, असं जाणकार सांगतात. पण ऐकतंय कोण!

आम्ही आयुष्यात एकदाच अंडी घालतो, तीही समुद्रात. माझी ती वेळ आली. अंगावर चांदीची झाक चढली, नदीला पूर आला, मी निघाले आणि या विहिरीच्या मालकांच्या, धोंडप्पांच्या, जाळ्यात सापडले. त्यांनी मला खाल्लं नाही. वाम असली की विहिरीचं पाणी नासत नाही, ही त्यांच्या घरची समजूत. म्हणून मला इथे सोडलं. त्यांच्या बायकोने, शिवकांताबाईंनी, काठावर हळदकुंकू वाहिलं आणि भाकरीचे तुकडे टाकले. मला, भाकरी!

काल त्यांची सून ऋतुजा वरून वाकून म्हणाली, "मामा, सोडा की तिला नदीत. हिची अंडी समुद्रातच व्हत्यात म्हणं."

"हितं काय कमी हाय तिला?" धोंडप्पा म्हणाले.

"एकटी हाय बिचारी, म्हून उदास दिसून राहिली," शिवकांताबाई बोलल्या. "जोडी आणा हो तिला."

आज सकाळी बादलीतून दुसरी वाम खाली आली. तीही मादीच, तीही समुद्राकडे निघालेली. माझा जन्म वाया घालवून यांचं भागलं नाही, माझ्या नावाने तिलाही अडकवलं! आमच्या पोटातली लाखो अंडी या विहिरीत संपणार, आणि वर सगळे खूश आहेत.

मित्रांनो, असली माया आम्हाला नको. पूर अजून ओसरलेला नाही. आम्हा दोघींना वर काढा आणि नदीत सोडा. आजच सोडा.