खालची आळी

"हलू नका, काळुराम. आत तुटला तर सगळंच बिघडेल."

काळुरामच्या नडगीवरच्या फोडातून दोऱ्यासारख्या नारूच्या जंताचं पांढरं टोक बाहेर आलं होतं. डॉक्टर पायस ते काडीला गुंडाळत होता. रोज बोटभरच ओढायचं, घाई करायची नाही. काळुराम भिंतीला टेकून, दात आवळून बसला होता. मिठागरांचा हंगाम ऐन भरात होता आणि तो आठ दिवस घरात होता.

"खालच्या आळीत एकोणीस," पायस पुटपुटला आणि त्याने वहीत नोंद केली.

काळुरामची बायको गोदा दारात उभी होती. "आनी वरच्या आळीन?"

"दोन."

"पान्याची बाव तर एकूच हाय, डागतर. त्यांना तुमी पानी गालायला फडकी दिलीत. आमाना का नाय?"

"कापड संपलं," पायस म्हणाला. "आलं की देतो."

कापड संपलं नव्हतं. कल्याणच्या दवाखान्यात त्याच्या टेबलाखालच्या पेटीत ते घड्या घालून ठेवलेलं होतं. होडीतून परतताना त्याने वही पुन्हा उघडली नाही.

ठाण्याच्या ख्रिस्ती वाडीतल्या शेतकऱ्याचा हा मुलगा मुंबईला शिकून डॉक्टर झाला होता. आता, १८८७ साली, तो एम. डी.साठी प्रबंध लिहीत होता. मिठागरात उघड्या पायांनी उभं राहिल्यामुळे नारू कातडीतून शिरतो, असं पुष्कळ डॉक्टर मानत. पायसचं म्हणणं वेगळं होतं. नारू पिण्याच्या पाण्यातून पोटात जातो आणि वर्षभराने पायातून बाहेर पडतो. ते दाखवून देण्यासाठी दिवा गावाजवळच्या या खाडीकाठच्या वस्तीत त्याने दोन वर्षांपूर्वीच्या वैशाखापासून एका आळीला पाणी गाळायला लावलं होतं आणि दुसरीला काहीच सांगितलं नव्हतं.

मुंबईहून त्याच्या प्रोफेसरांचं पत्र त्याच आठवड्यात आलं. 'एका वर्षाचे आकडे योगायोग ठरतील. आणखी एक वर्ष दोन्ही आळ्या आहेत तशाच ठेवा. मग तुमची पदवी कोणी अडवणार नाही.'

रविवारी ठाण्याच्या घरी त्याच्या पानातलं अन्न तसंच राहिलं. उर्सुलाने, त्याच्या बायकोने, विचारल्यावर त्याने सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे तुमाला ठाऊक हाय, तरी सांगत नाय?"

"एकच वर्ष. प्रबंध मान्य झाला की शंभर गावांना सांगता येईल. सरकारही ऐकेल."

"त्या एका वर्षात किती जणांच्या पायातून निघंल?"

"अठरा-वीस."

हा आकडा त्याने आजवर मोठ्याने उच्चारला नव्हता.  उर्सुलाने त्याचं ताट उचललं.

पुढचे पाच आठवडे तो गावात गेला की गोदाचं घर घाईघाईने उरकी. ती पाण्याला गेलेली असेल अशी वेळ धरी. कोणी मागून हाक मारली तरी तो वळून न पाहता होडीकडे चालू लागे.

मग एक दिवस होडीवाल्याने दवाखान्यात निरोप आणला. घरी बसून कंटाळलेला काळुराम मिठागरात उतरला होता. बांधावर पाय घसरला आणि नारू आत तुटला. पायस पोचला तेव्हा मांडीपर्यंत पाय सुजला होता आणि काळुराम तापात बरळत होता. पायसने पू काढला. तीन दिवस तो तिथेच राहिला. ताप उतरला, काळुराम वाचला. पण गुडघा कायमचा ताठ झाला.

चौथ्या दिवशी पायस कल्याणला गेला आणि पेटी घेऊनच परतला. खालच्या आळीतल्या प्रत्येक घरी जाऊन त्याने हंड्यावर दुपदरी फडकं बांधून दाखवलं. त्याच संध्याकाळी प्रोफेसरांना पत्र लिहिलं. उत्तर चार ओळींचं होतं. तुलनाच उरली नाही, तेव्हा प्रबंध पुढे पाठवता येणार नाही.

दुसऱ्या वर्षी चैत्रात तो पुन्हा घरोघर फिरला. आता त्याला कोणी आकडे विचारणार नव्हतं, तरी फिरला. खालच्या आळीत तिघांना नारू निघाला होता. त्यांतली एक गोदा होती.

तो तिच्या घोट्याशी काडी धरून बसला. 

"गालूनच पीतो आमी," गोदा म्हणाली. "एक दीस चुकवला नाय. मंग मना कसा झाला?"

"हा गेल्या वर्षीचा आहे. मी फडकी द्यायच्या आधीच्या पाण्यातला."

"तवा कापड नव्हता ना."

पायसने मान वर केली. "होतं. पेटीत होतं. माझ्या परीक्षेसाठी मी ते दिलं नाही."

 गोदाने पाय आखडून घेतला नाही, पुढेही केला नाही. "गुंडाला," ती म्हणाली. "हलूहलू."

त्याने बोटभर गुंडाळलं, पट्टी बांधली. ती भिंतीला धरून उठली आणि आत गेली, ती परत बाहेर आली नाही.

ओटीवर बसलेल्या काळुरामने सगळं ऐकलं होतं. पायस पायऱ्या उतरला तेव्हा तोही काठी घेऊन उठला.

"भरती हाय. बांध निसरडा झालाय," तो म्हणाला. "होडीपावत येतू."

"नको, मी जाईन."

काळुराम पुढे झाला होता. ताठ पाय बाजूने फिरवत, काठी चिखलात रोवत तो बांधावरून चालू लागला. मागे पायस आपली पावलं आखडती घेत चालत राहिला.