रांजणातले बारा लिटर

लोणखेड्याच्या त्या कॉलेजात गणित विभाग दरवर्षी ‘कॅल्क्युलस दिवस’ साजरा करायचा. भाषणं होत, वक्रांच्या रांगोळ्या निघत, पण गर्दी जमायची ती रांजणाभोवती. मुलं दोऱ्यानं त्याचे घेर मोजत, आलेख काढत आणि इंटिग्रेशन करून आत किती पाणी मावेल ते फळ्यावर लिहीत. मग सगळ्यांदेखत मापानं पाणी ओतायचं.

रुपा तिथं तासिका तत्त्वावर शिकवायची. सासूबाई गावाला गेलेल्या, म्हणून दोन वर्षांच्या लेकाला, निशूला, आज सोबत आणलेलं. पायरी, वायर, रांगोळीचे रंग, सकाळपासून तिला सगळ्याचीच धास्ती. पाहुण्यांना गुच्छ द्यायला ती स्टेजवर गेली आणि सत्कार संपेपर्यंत तिथंच अडकली, तेवढीच काय ती नजर हटली. खाली येऊन पाहते तर निशूला बसवलेली खुर्ची रिकामी.

“रविना, निशू कुठंय?” तिनं शेजारच्या विद्यार्थिनीला विचारलं.

“मघाशी पाणी ओतायच्या आधी तर रांजणापाशी होता, मॅडम. स्टुलावर चढत होता.”

रुपा वळली. रांजण काठोकाठ भरला होता आणि पोरं हसत होती. फळ्यावर उत्तर एकशे दहा लिटर, अन् पाणी अठ्ठ्याण्णवलाच काठाला लागलेलं.

“बारा लिटर कमी,” विभागप्रमुख हेमकांत सर म्हणाले. “गणित कुठं चुकलं?”

“गणित बरोबर आहे, सर,” पोरांतला धर्मेंद्र म्हणाला. “आत आधीच कुणीतरी बसलंय.”

सगळे हसले. रुपा रांजणाकडे धावली. परवा दवाखान्यात निशूचं वजन बारा किलो भरलं होतं. माणसाचं शरीर जवळजवळ पाण्याइतकंच भारी, हे ती वर्गात स्वतः सांगायची; म्हणजे बारा किलोला बारा लिटरची जागा. ओतणाऱ्याला दिसलं असतं की, असं मन म्हणत होतं. पण ओतणारा तर मापं मोजत होता, आणि मांडवाच्या सावलीत रांजणाचा तळ काळाकुट्ट.

तिनं खांद्यापर्यंत हात घातला. तळ लागेना. मग दोन्ही हातांनी काठ धरून तिनं सगळा भार मागं टाकला.

“मॅडम, काय करताय?” कुणीतरी ओरडलं.

रांजण कलंडला अन् फुटला. पाणी रांगोळ्यांवरून वाहत गेलं. खापऱ्यांत काही नव्हतं. तरी ती गुडघ्यांवर बसून चिखल चाचपतच राहिली.

गर्दीतून शिपाई शोभाबाई आल्या. त्यांच्या खांद्यावर निशू गाढ झोपलेला.

“पोऱ्या मन्हापाशी शे ना, ताई. स्टुलवर चढी ऱ्हायना व्हता, म्हनीसन उचली लई गऊ. केळं खाईसन झोपी गया.”

रुपानं त्याला ओढूनच घेतलं. तो किरकिरला.

मागं हेमकांत सर एक खापरी निरखत होते. “जाडी,” ते हळूच म्हणाले. “घेर बाहेरून मोजले आपण. जाडी वजाच केली नाही.”

कुणी हसलं नाही. रुपा ओल्या पदरानं निशूचे पाय पुसत होती, पुन्हा पुन्हा. पाय कोरडेच होते.