चार पाइप

ललितनं जुन्या अँबेसेडरचं छप्पर कापून वरातीसाठी अमेरिकन गाडी करायची ठरवली, तेव्हा माझ्या या पुतण्याला चित्र मीच काढून दिलं. म्हसावदच्या वाचनालयात माझी हयात गेली; जुन्या मासिकांत तशा गाड्या पुष्कळ पाहिल्या होत्या. लांब बोनेट, मागे झुकलेली काच, आणि दिव्यापासून निघून दारापाशी किंचित खाली येणारी, मग शेपटीच्या पंखावर चढणारी एकच रेघ. गॅरेजवाल्या उखानं तशीच पत्र्यात ठोकली. पंख जरा उंच झाले की काय, ही शंका मला अजून आहे. पण माझ्या डोक्यातलं काही बाहेर येऊन उभं राहिलं, असं पहिल्यांदाच घडलं होतं.

पहिली वरात रनाळ्याच्या नवनीतची. सकाळी त्याची आई रंजनाबाई गाडी बघायला गॅरेजवर आली.

"छत कोठे शे? हयद लागेल नवरदेव उघडा आभायखाले बसत नही!" हळद लागलेल्या मुलाच्या डोक्यावर काहीतरी हवंच, असं तिचं म्हणणं.

"चार पाइप टाकी देऊत, मावशी," ललित म्हणाला. "वर मांडवनं कापड."

उखानं वेल्डिंगसाठी पाइप ठेवले ते थेट पंखांवर.

तिथे पाइप जोडले की माझी रेघ तुटणार होती. "छत्री चालेल," मी म्हणालो. कोणी ऐकलं नाही. पुन्हा म्हणालो.

ललित हसला. "आप्पा, वरातमा छत्री? पानी पडी ऱ्हायना का?"

त्या हसण्यानं माझा तोल गेला. मी दार उघडून मागच्या सीटवर, नवरदेवाच्या जागी जाऊन बसलो आणि माझी काळी छत्री उघडली.

"उतरा बाबा, ठिणग्या उडतीन," उखा म्हणाला.

"उडू दे! आधी मला डाग, मग पंखांना!"

एवढ्या मोठ्यानं मी घरातही कधी बोललो नव्हतो. रंजनाबाईनं छत्रीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गावभर धरी कोन ती?"

"मी धरसू."

बोलून तर गेलो. चार माणसांत मला चहा मागता येत नाही.

संध्याकाळी रनाळ्यात मी गाडीत नवनीतशेजारी छत्री धरून उभा होतो. पोरं ओरडत होती, "छत्रीवाला बाबा, नाच ना!" हात भरून आला, राग उतरला नव्हता. कोणीतरी पंखावर लाल दिव्यांची माळ चिकटवली; वाकून मी ती उपटली आणि ललितच्या अंगावर फेकली.

रेघ कशी दिसत होती, ते मला कळलंच नाही. मी गाडीतच होतो.