शनीचं कडं

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका लहानशा खोलीत या. मधोमध वाळूने भरलेलं लोखंडी पिंप आहे. पिंपावर फळी, फळीवर घट्ट बसवलेली काचेची जाड चकती. तिच्यावर तशीच दुसरी चकती ठेवा, मध्ये चिमूटभर खरखरीत पूड आणि पाणी घाला, आणि वरची चकती पुढे-मागे घासा. घासता घासता पिंपाभोवती एक पाऊल सरका. पुन्हा घासा, पुन्हा सरका. असं महिनोन् महिने केलं की वरची काच बशीसारखी खोलगट होते आणि तिचा दुर्बिणीसाठी आरसा बनतो.

दमलात ना? नुसत्या कल्पनेनंच दमलात. आपल्या गोष्टीतले चष्मेवाले मामा तर खरोखर चालत होते.

दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्यांच्या काचा घासायच्या आणि घरी येऊन ही घासायची. लहानपणी त्यांनी एका चित्रात शनीभोवतीचं कडं पाहिलं होतं. ते आपल्या हातच्या आरशातून बघायचं, हा एकच ध्यास. मामी म्हणायच्या, "लोकांच्या मागे शनी लागतो. आमच्याकडे हेच शनीच्या मागे लागलेत!" चालून चालून पिंपाभोवती जमिनीचा रंग गोल उडाला होता. "कडंच हवंय ना? ते बघा, पायाखाली उमटलंय." दुर्बिणीची लांब नळी केव्हाचीच तयार होऊन कोपऱ्यात उभी होती, आणि मामी तिच्यात छत्र्या ठेवत होत्या.

कुणी विचारलं, "काय हो, झाला का आरसा?" की मामा हसून म्हणायचे, "पोचण्यापेक्षा वाटचालीतच खरी गंमत असते." सुरुवातीला ते हे मनापासून म्हणायचे. अलीकडे मात्र त्यांचे गुडघे बोलायला लागले होते, आणि गुडघ्यांचं मत जरा वेगळं होतं.

सुट्टीत भाची राहायला आली होती. प्रश्न विचारून भंडावून सोडायची म्हणून सगळे तिला टिटवी म्हणत. एका रविवारी दुपारी आरशाला मऊ लाल पुडीने शेवटची चकाकी चढत होती आणि टिटवी वाटीतलं पाणी थेंब थेंब घालत होती. एवढ्यात काचेतून 'चर्र' असा आवाज आला.

मामा थांबले. त्यांनी काच उचलून खिडकीसमोर धरली. कडेपासून मध्यापर्यंत केसाएवढा ओरखडा. खरखरीत पुडीचा एखादा कण त्यांच्याच नखात राहिला असणार.

"गेलं," मामा म्हणाले.

"काय गेलं?" स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला.

"सगळं. आता पुन्हा पहिल्या पुडीपासून."

"अहो, ही तिसरी खेप! मागच्या वेळी बारीकसा खड्डा, त्याच्या आधी आणखी काही. शनी म्हातारा होईल आता!"

मामांनी पिंपावरची फळी काढून धुवायला भिंतीशी टेकवली आणि खरखरीत पुडीचा डबा घेतला. डबा हलकाच होता, पण खांदे दुसऱ्या कुणाचे असावेत तसे जड झाले होते. ते डबा मांडीवर घेऊन स्टुलावर नुसतेच बसून राहिले.

"मामा," टिटवी म्हणाली, "ओरखडा राहिला तर कडं दिसणार नाही?"

मामांना खोटं बोलता येत नसे. "दिसेल."

"वाकडंतिकडं दिसेल?"

"नाही गं. अंधुकसा फरक पडेल. तुला कळणारसुद्धा नाही."

"तुला कळेल?"

"मलाही नाही."

"आणि मागचा खड्डा होता तेव्हा?"

मामांनी डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. "तेव्हाही दिसलं असतं."

"मग तुला बघायचंच नाहीये!"

"काय बोलतेस, टिटवे? सगळा जन्म..." मामा बोलता बोलता थांबले. घासत होते तोवर शनी अगदी चित्रातल्यासारखा होता, सोनेरी, रुबाबदार. दुर्बिणीतून तो मुगाच्या दाण्याएवढा थरथरता ठिपका निघाला तर? मग उद्यापासून संध्याकाळी घरी येऊन करायचं काय? हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

"लहान दिसलं तर?" ते हळूच म्हणाले.

"तर लहान बघू," टिटवी म्हणाली. "पण तू किती दमलायस, मामा."

मामांनी ओरखड्यावरून अंगठा फिरवला. बोटाला तो लागतही नव्हता. त्यांनी डबा खाली ठेवला. पण डोळे पिंपावरच होते.

टिटवीने ते पाहिलं. ती उठून कोपऱ्यात गेली आणि नळीतल्या छत्र्या एकेक करून बाहेर काढायला लागली.

"अगं ए, माझ्या छत्र्या!" मामी दारात आल्या. "मी ठेवू कुठे त्या?"

टिटवीने खोलीभर नजर फिरवली. मग छत्र्यांचा भारा कवेत घेऊन ती पिंपाशी गेली, आणि वर पुन्हा फळी बसायला जागाच उरणार नाही अशा बेताने एकेक छत्री वाळूत उभी खोचत गेली.