सात सेकंद मागे

बारा वाजायला दोन मिनिटं कमी असताना वेंडेल ओबरहोल्टने सूपचा वाडगा टेबलावर ठेवला, खुर्ची रेडिओच्या बाजूला वळवली आणि पोरीकडे न बघता म्हणाला, "आता दोन वाजेपर्यंत काही विचारू नकोस."

"डॅडी, दोन वाजेपर्यंतच तर विचारायचंय," नॅडीन म्हणाली. "हॉस्पिटलची ती नर्स दोननंतर फोन घेत नाही. आज हो कळवलं नाही तर सोमवारची तारीख दुसऱ्याला जाईल. पुढची थेट डिसेंबरमध्ये. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना? डिसेंबरपर्यंत हृदय वाट बघेल याची कोणी हमी देत नाही."

"श्शू."

सुरू झालं. आधी ती बँजोची धून, मग हार्लन पाइकचा खर्जातला आवाज. "नमस्कार केलरव्हिल! वॉशिंग्टनला तुमची आठवण नसेल, मला आहे."

वेंडेल हसला. नॅडीन तीन दिवस या घरात होती आणि बापाच्या चेहऱ्यावर हसू तिने रोज याच एका वेळी पाहिलं होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

भांडण ऑपरेशनचं नव्हतंच मुळी. छाती उघडायला म्हातारा तयार होता. त्यानंतरचे सहा आठवडे नॅडीनच्या कॅन्सस सिटीतल्या घरी राहायचे, तिथे घोडं अडलं होतं. कारण काय, तर तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात पाइक लागत नाही. केलरव्हिलच्या स्टेशनचा जीव तो केवढा, चाळीस मैलांपलीकडे नुसती खरखर. "सहा आठवडे मी तिथे भिंतीकडे बघत बसू?" तो काल म्हणाला होता. तिने बरीच डोकेफोड केली. शेवटी म्हातारा म्हणाला, "तुला नाही कळायचं," आणि उठून गेला.

ती स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालू लागली. शाळेत शिकवत असल्याने तिला सवयच होती, कुणी खुळ्यासारखं बोललं की तोंड उघडायचंच. आणि पाइक तर आज शाळांवरच घसरला होता. मतदान जवळ आलं होतं. शाळेसाठी घरपट्टी वाढवायची की नाही, हा प्रश्न होता.

"नव्या इमारती पाहिजेत म्हणे," पाइक म्हणत होता. "आणि बुटांचा कारखाना बंद पडला तेव्हा यांच्यातलं एक तरी माणूस फाटकाशी येऊन उभं राहिलं? तीनशे नव्वद माणसं. कुणी साधं 'वाईट झालं' म्हणालं? तुम्ही मूर्ख नाही आहात, मंडळी. तुम्हाला मूर्ख ठरवलं गेलंय."

नॅडीनचे पाय थबकले. बापाने एकतीस वर्षं त्या कारखान्यात बुटांना टाचा ठोकल्या होत्या. कारखाना बंद झाला त्या आठवड्यात ती परीक्षेचे पेपर तपासत होती. आईशी फोनवर दोन मिनिटं बोलली होती, एवढंच. क्षणभर तिलाही वाटलं, हा माणूस बरोबर बोलतोय. मग स्वतःचाच राग आला. पुढच्याच वाक्यात पाइकने सगळ्या शिक्षकांना बिनकामाचे, फुकटे ठरवलं आणि ते एका परीने बरंच झालं, राग पुन्हा त्याच्याकडे वळला.

एव्हाना सव्वा वाजला होता. सूप निवलं होतं. वेंडेल मान डोलवत होता, कुणी फोनवर चांगलं बोललं की टेबलावर टिचकी मारत होता. अर्लीन, म्हणजे नॅडीनची आई, गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी पाइकने तिच्या ॲपल पायचं कौतुक हवेवर केलं होतं. जत्रेत एकदा खाल्ला होता म्हणे. वेंडेल ही गोष्ट येईल त्याला सांगायचा. खुद्द पाद्र्याने प्रार्थनेत अर्लीनचं नाव चुकवलं होतं, पाइकने नाही.

आणि तिथेच नॅडीनला ते सुचलं. आपलं ऐकत नाही ना? मग ज्याचं ऐकतो त्याच्या तोंडून वदवू. पाइकने नुसतं म्हणावं, 'जा बाबा, ऑपरेशन करून घे, आम्ही इथेच आहोत,' की काम झालं. त्या माणसाच्या पाया पडायची पाळी आपल्यावर यावी याची तिला चीड आली. तरी ती जिना चढली.

आईच्या शिवणाच्या खोलीत जुना फोन होता. पाचदा लावल्यावर लागला.

"पाइकचा कार्यक्रम, मी टॅमी. नाव, गाव, आणि हार्लनच्या बाजूने की विरोधात?"

"मला हार्लनशी वडिलांबद्दल..."

"घरगुती गोष्टी शुक्रवारी, बाई. आज फक्त घरपट्टी. बाजूने असाल तर तुमच्या आधी अकराजण आहेत."

"आणि विरोधात असले तर?"

"तर पुढची तुम्हीच." टॅमीला आनंद लपवता आला नाही. "विरोधातला कोणी मिळतच नाही हो इथे. रेडिओ जवळ असेल तर बंद करा. तो सात सेकंद मागे चालतो. स्वतःचाच आवाज ऐकून माणसं गोंधळतात."

खालच्या रेडिओची गुणगुण जिन्यातून ऐकू येत होती. नॅडीनने नाव, गाव आणि शाळेतली नोकरी सांगितली आणि दार लोटलं. पावणेदोन वाजायला दोन मिनिटं होती.

"मंडळी, कॅन्सस सिटीहून एक मास्तरीणबाई आल्यात! बोला बाई, किती पैसे पाहिजेत?"

"मला पैसे नकोत. मला... तुमचे एक श्रोते आहेत. त्यांचं सोमवारी हृदयाचं ऑपरेशन आहे. नंतर सहा आठवडे माझ्याकडे राहायला नाही म्हणतात. का, तर माझ्याकडे तुमचा कार्यक्रम लागत नाही. तुम्ही फक्त त्यांना सांगा की जा."

पाइकला क्षणभर ठरवावं लागलं. तो क्षण चुकीच्या बाजूला कलला नसता तर गोष्ट इथेच संपली असती. पण पाइक बारा ते दोनमधला पाइक होता आणि रांगेत अकराजण टाळ्या पिटायला बसले होते.

"ऐकलंत? बाई घरपट्टी सोडून हृदयावर आल्या! सहा आठवडे शिक्षिकेच्या घरात कोंडून घ्यायचं, आणि तेही रेडिओशिवाय? बाई, मी त्या म्हाताऱ्याच्या जागी असतो ना, तर बेशुद्धीचं औषध जास्तीचं मागून घेतलं असतं!"

तो हसला. आणि नॅडीनला कळलं की आपण त्याच्याशी बोलतच नाही आहोत. खाली खुर्चीत बसलेला माणूस हे ऐकणार आहे.

"डॅडी," ती भडाभडा म्हणाली, "आई गेल्यावर रोज दुपारी फोन करीन म्हणाले होते, एकदाही केला नाही, हा रोज बोलला, चूक माझी आहे, पण मला तुम्ही जिवंत हवे आहात." आणि त्याच श्वासात पाइकला तिने अशी एक शिवी हासडली की अर्लीन असती तर तिचं तोंड साबणाने धुतलं असतं.

फोन कट झाला.

ती धावली. सात सेकंद. आपलं बोलणं खाली पोचायच्या आत पोचायला हवं, ते ऐकताना बापाचं तोंड दिसायला हवं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. शेवटच्या पायरीवर पाय मुरगळला तशीच लंगडत दारात आली.

रेडिओवर ट्रॅक्टरच्या टायरची जाहिरात चालू होती.

वेंडेल तिच्याकडे बघत होता. कान लाल झाले होते.

"ऐकलंत?" तिने विचारलं.

"तुला चांगलंच धुतलं त्याने."

"त्याच्यानंतरचं?"

"त्याच्यानंतर काही नाही. मध्येच उडी मारली रेडिओने. हार्लन म्हणाला, बटण दाबावं लागलं, या घरात शिव्या चालत नाहीत." म्हाताऱ्याने चमचा वाडग्यात फिरवला. ज्याने अठरा वर्षं हा कार्यक्रम ऐकला त्याला अशा गोष्टी कुणी शिकवाव्या लागत नाहीत. "बटण दाबलं की शिवीच्या आधीचे सात सेकंद पण जातात. सरसकट. आधी काही चांगलं बोलली असशील तर तेही गेलं. सगळ्यांना ठाऊक आहे हे."

"मला ठाऊक नव्हतं."

"तू कधी ऐकतेस?"

नॅडीन खाली बसली. एवढं मोठं धाडस केलं आणि हाती काय, तर शिवी. तीही पोचली नाही. तिला रडू येत होतं आणि घड्याळात पावणेदोन वाजून गेले होते. तिच्यातली नेहमीची शिक्षिका जागी असती तर तिने पुन्हा डॉक्टर, डिसेंबर, धोका अशी यादी वाचली असती.

"काय म्हणाली होतीस?" वेंडेलने विचारलं.

वर फोनवर जे घडाघडा आलं ते आता एकेक शब्द जुळवून सांगावं लागलं. समोर बापाचे डोळे होते.

"की मी फोन करीन म्हणाले होते," ती म्हणाली. "आई गेल्यावर. रोज. आणि नाही केला."

"कामं असतात तुला."

"नव्हती एवढी कामं. मला भीती वाटायची. तुम्ही फोनवर गप्प बसाल आणि मला काही सुचणार नाही. म्हणून नाही केला. चूक माझी आहे. आणि मला तुम्ही जिवंत हवे आहात, डॅडी. दुपारी बारा ते दोन मी शाळेत असते, पण दोननंतर घरी येऊन तुमच्याशी भांडेन. रोज. त्याच्यापेक्षा वाईट भांडेन. चालेल?"

जाहिराती संपल्या. शेवटची दहा मिनिटं म्हणजे पाइक ज्यांची आठवण आली त्यांची नावं घेतो, तो भाग. वेंडेल एरवी यासाठी बाथरूमलाही जात नसे.

"काय नंबर म्हणालीस त्या नर्सचा?"

तिने फ्रिजवरचा कागद काढून पुढे ठेवला. त्याने चष्मा लावला, एकेक आकडा तोंडाने म्हणत फोन लावला आणि रिसीव्हर कानाला दाबून वाट बघू लागला. पलीकडे कुणी त्याला थांबायला सांगितलं असावं.

"...आणि आपला वेंडेल," रेडिओ म्हणाला, "वेंडेल ओबरहोल्ट. गड्या, मघाशी जरा जास्तच बोललो बहुतेक. तूच होतास ना तो? ऐकतोयस ना?"

वेंडेलने एकदा रेडिओकडे पाहिलं. मग रिसीव्हरवर हात ठेवून पोरीला म्हणाला, "त्याला जरा बारीक कर गं. मला पलीकडचं ऐकू येत नाहीये."